थकबाकीदारांची यादी आणि फोल्डरचे कुलूप: सी-पॅनेलमधील ‘डिरेक्टरी प्रायव्हसी’चे परीक्षण

ठाण्यातील आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत तीन विंग आणि ८४ सदनिका आहेत. संस्थेच्या छोट्याशा संकेतस्थळाची देखभाल गेली काही वर्षे मी करतो. एके दिवशी एका ज्येष्ठ सभासदांनी मला घरी बोलावले आणि मोबाइलवर गूगलचा शोध उघडून दाखवला. त्यांनी स्वतःचे नाव टाकले होते, आणि खाली आमच्या संस्थेच्या थकबाकीदारांची दोन वर्षांपूर्वीची यादी येत होती. ती सगळी रक्कम त्यांनी व्याजासह केव्हाच भरली होती. पावती दाखवण्याची काहीच गरज नव्हती, तरी बोलणे संपेपर्यंत ती त्यांनी हातात धरून ठेवली होती. त्या रात्री मी ती यादी काढून टाकली. मग दुसऱ्या दिवसापासून सी-पॅनेल या संकेतस्थळाच्या नियंत्रण-पटलातील, फोल्डरला पासवर्ड लावणाऱ्या ज्या सोयीचा अभ्यास सुरू केला, तिच्याविषयी हे परीक्षण आहे.

यादी जगासमोर कशी गेली, हे आधी सांगणे आवश्यक आहे, कारण हीच चूक अनेक संस्थांच्या, मंडळांच्या आणि वाचनालयांच्या संकेतस्थळांवर मला पुढे दिसली. संकेतस्थळ ज्यांनी तयार करून दिले, त्यांनी सभासदांसाठीच्या पीडीएफ फाइली एका फोल्डरमध्ये ठेवल्या होत्या आणि मुख्य पानावर त्या फोल्डरची लिंक दिली नव्हती. लिंक नाही म्हणजे कोणाला सापडणार नाही, असा त्यामागचा समज होता. प्रत्यक्षात त्या फोल्डरमध्ये मुखपृष्ठाची फाइल नसल्यामुळे सर्व्हर तिथे आतल्या सर्व फाइलींची यादीच छापून दाखवत होता. भरीस भर म्हणजे शोधयंत्रांनी तिकडे फिरकू नये म्हणून ‘रोबॉट्स डॉट टीएक्सटी’ या फाइलमध्ये त्या फोल्डरचे नाव लिहून ठेवले होते. ती फाइल कोणालाही उघडून वाचता येते, त्यामुळे जे लपवायचे त्याचाच पत्ता आम्ही उघड्यावर लावला होता. शिवाय ती फाइल शोधयंत्राला केवळ विनंती करते. एखाद्या पानाचा पत्ता दुसरीकडून कळला, तर त्या विनंतीनंतरही तो पत्ता शोधात दिसू शकतो.

आमची गरज साधी होती. सर्वसाधारण सभेची इतिवृत्ते, लेखापरीक्षकाचा अहवाल, ताळेबंद, दुरुस्तीच्या कामांची दरपत्रके ही कागदपत्रे सभासदांना घरबसल्या पाहता यावीत आणि इतरांना पाहता येऊ नयेत. सभासदांपासून हिशेब लपवणे हा हेतू कधीच नव्हता. उलट ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची असते, तिच्याआधी अहवाल प्रत्येकाने वाचलेला असावा, अशी माझी तळमळ असते. यासाठी स्वतंत्र लॉगइन व्यवस्था बनवून घ्यायची, तर तिचा खर्च आणि तिची निगा दोन्ही आमच्या आवाक्याबाहेरचे होते. होस्टिंगच्या, म्हणजे संकेतस्थळासाठी भाड्याने घेतलेल्या जागेच्या, खात्यात मात्र सी-पॅनेल होते आणि त्यात फोल्डरला पासवर्ड लावण्याची सोय वार्षिक शुल्कातच मिळालेली होती. पूर्वी तिचे नाव ‘पासवर्ड प्रोटेक्ट डिरेक्टरीज’ असे होते. आता ती ‘फाइल्स’ या विभागात ‘डिरेक्टरी प्रायव्हसी’ या नावाने सापडते. ज्यांच्याकडे अशीच दुसरी नियंत्रण-पटले, म्हणजे प्लेस्क किंवा डिरेक्टअ‍ॅडमिन आहे, त्यांनाही हीच सोय थोड्या वेगळ्या नावाने मिळते.

सी-पॅनेल १९९६ साली सुरू झाले, आणि ही सोय ज्या पद्धतीवर उभी आहे ती ‘बेसिक ऑथेंटिकेशन’ पद्धतही त्याच वर्षी एचटीटीपी १.० च्या, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील संवादाच्या नियमांच्या, दस्तऐवजात नोंदली गेली. ब्राउझर फोल्डरमधले काही मागतो, तेव्हा सर्व्हर ४०१ हा क्रमांक पाठवून ‘आधी ओळख सांगा’ असे म्हणतो. मग ब्राउझर नाव आणि पासवर्ड विचारणारी छोटी चौकट दाखवतो आणि जे टाकले जाईल ते पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर सर्व्हरकडे पाठवत राहतो. शोधयंत्राच्या यंत्रमानवालाही, म्हणजे पाने वाचत फिरणाऱ्या आज्ञावलीलाही, तेच ४०१ उत्तर मिळते, त्यामुळे त्याला फाइल वाचताच येत नाही. विनंती आणि कुलूप यांतला फरक मला इथे पहिल्यांदा नीट समजला.

लावण्याची कृती पाच मिनिटांची आहे. यादीतून फोल्डर निवडायचा, पासवर्डने संरक्षित करण्याच्या चौकोनात खूण करायची, फोल्डरला एक नाव द्यायचे आणि जतन करायचे. त्यानंतर त्याच पानावर खाली वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड देऊन पुन्हा जतन करायचे. या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली पूर्ण करून दुसरी राहिली, तर फोल्डर बंद होतो आणि कोणाकडेच किल्ली नसते. खूण करतानाच निदान एक वापरकर्ता तयार करायला लावले असते, तर बरे झाले असते. पासवर्ड किती मजबूत आहे हे पट्टीवर दिसते आणि हवा असल्यास तो आपोआप तयार करूनही मिळतो. एवढ्यापुरती या पडद्याची रचना स्वच्छ आहे आणि संगणकाची जुजबी ओळख असलेल्या सचिवांनाही ती एकदा दाखवली की जमते.

पडद्यामागे काय घडते, हे मात्र देखभाल करणाऱ्याने जाणून घेतलेच पाहिजे, कारण या सोयीचे सामर्थ्य आणि दुबळेपण दोन्ही तिथे आहेत. ती त्या फोल्डरमध्ये ‘डॉट एचटी-अ‍ॅक्सेस’ नावाची फाइल तयार करते, किंवा असलेल्या फाइलमध्ये चार ओळी घालते: कोणती पद्धत वापरायची, फोल्डरचे नाव काय, पासवर्डची फाइल कुठे आहे, आणि वैध वापरकर्ता असल्याशिवाय आत सोडू नये. पासवर्डची फाइल ज्यातल्या फाइली जगाला दिसतात त्या ‘पब्लिक एचटीएमएल’ फोल्डरच्या बाहेर, खात्याच्या मूळ जागेत ‘डॉट एचटी-पासवर्ड्स’ या फोल्डरमध्ये राहते आणि तिच्यात पासवर्ड जसाच्या तसा लिहिलेला नसतो. ही मांडणी विचारपूर्वक केलेली आहे. हाताने सगळे लिहिणारे अनेकजण पासवर्डची फाइल संरक्षित फोल्डरमध्येच ठेवून देतात. सी-पॅनेल ती चूक होऊच देत नाही.

पण संपूर्ण कुलूप चार ओळींवर टांगलेले आहे, याचा दुसरा अर्थ असा की त्या ओळी गेल्या की कुलूप गेले. कोणी जुनी प्रत परत चढवताना ती फाइल पुसून नवीन ठेवली, तर फोल्डर त्याच क्षणी उघडा पडतो आणि त्याची सूचना कोणालाही मिळत नाही. संकेतस्थळ नेहमीसारखेच चालत राहते, त्यामुळे शंकाही येत नाही. उलट प्रकार आम्ही स्वतः अनुभवला. होस्टिंग बदलताना मी सगळ्या फाइली नव्या खात्यात जशाच्या तशा नेल्या. नव्या खात्याचे नाव वेगळे होते. पासवर्डच्या फाइलचा पत्ता ‘एचटी-अ‍ॅक्सेस’मध्ये पूर्ण मार्गाने लिहिलेला असतो आणि त्यात जुन्या खात्याचे नाव तसेच राहिले. सर्व्हरला ती फाइल सापडेना, म्हणून योग्य पासवर्ड टाकणाऱ्या सभासदांनाही ‘५०० इंटर्नल सर्व्हर एरर’ एवढेच दिसत राहिले. सभेला आठ दिवस उरले होते आणि अहवाल कोणालाच उघडत नव्हता. उपाय सोपा निघाला. नव्या सी-पॅनेलमध्ये जाऊन संरक्षण काढले, पुन्हा लावले आणि वापरकर्ते नव्याने तयार केले.

त्याच स्थलांतरात याहून गंभीर गोष्ट उघडकीस आली आणि या परीक्षणात एकच परिच्छेद वाचायचा असेल तर तो हा असावा. ‘एचटी-अ‍ॅक्सेस’ ही फाइल अ‍ॅपाची सर्व्हर वाचतो आणि लाइटस्पीडही तिचा मान राखतो, परंतु एनजिनएक्स तिच्याकडे पाहत नाही. ही तिन्ही फाइली पुरवणाऱ्या सर्व्हर-प्रणालींची नावे आहेत. आजकाल काही होस्टिंग पुरवठादार वेग वाढवण्यासाठी अ‍ॅपाचीच्या पुढे एनजिनएक्स उभा करतात आणि चित्रे, पीडीएफ यांसारख्या स्थिर फाइली त्याच्याकडूनच परस्पर देतात. आम्ही थोड्या दिवसांसाठी घेतलेल्या एका खात्यात अगदी असेच होते. फोल्डरचे पान उघडले की पासवर्ड विचारला जाई, ते पाहून मी निश्चिंत झालो, आणि लेखापरीक्षण अहवालाचा थेट पत्ता टाकल्यावर तो काहीही न विचारता उघडला. दार बंद होते, खिडकी सताड उघडी होती. पुरवठादाराला लिहिल्यावर त्यांनी आमच्या खात्यापुरती ती व्यवस्था बंद केली. तेव्हापासून मी चाचणी एकाच पद्धतीने करतो. संस्थेचे वायफाय बंद करून मोबाइलच्या डेटावर, ब्राउझरच्या खासगी खिडकीत, फोल्डरमधल्या एखाद्या पीडीएफचाच पूर्ण पत्ता टाकतो. पान पासवर्ड विचारते की नाही याला अर्थ नाही, फाइल विचारते का हे पाहायचे. होस्टिंग बदलले, सर्व्हर अद्ययावत झाला किंवा वेग वाढवणारे एखादे साधन जोडले, की ही चाचणी पुन्हा करायची.

आता एचटीटीपीएसविषयी, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येऊ नये अशा गुप्तलेखित जोडणीविषयी. बेसिक पद्धतीत नाव आणि पासवर्ड ‘बेस ६४’ या लिपीबदलात पाठवले जातात. ते गुप्तलेखन नव्हे, कारण कोणीही ते क्षणात मूळ रूपात आणू शकतो. त्यामुळे जोडणी एचटीटीपीएसची नसेल, तर वाटेत ऐकणाऱ्याला पासवर्ड सरळ मिळतो. २०१५ साली या पद्धतीचा जो सुधारित दस्तऐवज निघाला, आरएफसी ७६१७, त्यातही ही पद्धत सुरक्षित जोडणीशिवाय सुरक्षित मानू नये असे बजावले आहे. यात एक बारीक खाचखळगा आहे. एचटीटीपीवरून एचटीटीपीएसकडे वळवण्याचा नियम पुष्कळजण ‘एचटी-अ‍ॅक्सेस’मध्येच लिहितात, पण अ‍ॅपाचीच्या कामाच्या क्रमात त्या फाइलमधला वळवण्याचा नियम पासवर्डच्या तपासणीनंतर लागू होतो. परिणामी जुन्या पत्त्याने येणाऱ्या सभासदाला पासवर्ड दोनदा विचारला जातो, आणि त्यातला पहिल्यांदाचा उघड्या जोडणीवरून जातो. म्हणून सी-पॅनेलच्या ‘डोमेन्स’ विभागात एचटीटीपीएसची सक्ती करणारे जे बटण आहे ते चालू करावे, सभासदांना दिलेल्या लिंकमध्येच एचटीटीपीएस लिहावे, आणि जुन्या पत्त्यावर पासवर्ड विचारण्याआधी वळण घेतले जाते याची खात्री करून घ्यावी. संपूर्ण संकेतस्थळच कुलूपबंद केले, तर एचटीटीपीएससाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राच्या नूतनीकरणासाठी बाहेरून होणारी फाइल-तपासणी अडू शकते. त्यामुळे मी कुलूप नेहमी आतल्या फोल्डरलाच लावतो.

ज्यांचे संकेतस्थळ वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या तयार प्रणालीवर आहे, त्यांना सुरुवातीलाच एक कोडे पडते. फोल्डरला पासवर्ड लावल्यावर चौकट न येता वर्डप्रेसचे ‘पान सापडले नाही’ हे पान दिसते. ४०१ उत्तराबरोबर दाखवायचे पान सर्व्हर शोधतो, ते अस्तित्वात नसते, आणि अस्तित्वात नसलेली प्रत्येक मागणी स्वतःकडे घेण्याची वर्डप्रेसची रीत असल्यामुळे ती मागणी तिकडे जाते. वर्डप्रेसच्या ‘एचटी-अ‍ॅक्सेस’मध्ये सर्वांत वर ‘एररडॉक्युमेंट ४०१ डीफॉल्ट’ ही एक ओळ घातली की काम होते. ही ओळ कळायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

सभासदांच्या बाजूने पाहता या सोयीचा सर्वांत कच्चा भाग म्हणजे ती चौकट. ती ब्राउझरची असते, आपली नसते. तिच्यात मराठीत दोन ओळींची सूचना देता येत नाही, संस्थेचे बोधचिन्ह ठेवता येत नाही, आणि फोल्डरला आपण जे नाव देतो तेही क्रोममध्ये दिसत नाही. पासवर्ड विसरल्यास तो परत मिळवण्याचा मार्ग नाही. सत्तरी ओलांडलेल्या सभासदांना ती कोरी चौकट पाहून आपण चुकीच्या जागी आलो असे वाटते, आणि बँकेच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीच्या बातम्या रोज वाचत असताना त्यांना तसे वाटणे योग्यच आहे. त्यांच्यासाठी मी कुलपाच्या आधी एक उघडे पान ठेवले. पुढे काय दिसेल, कोणते नाव टाकायचे, पासवर्ड कोणाकडून मिळेल, हे त्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिले आणि चौकटीचे चित्रही दिले. दुसरी अडचण मोबाइलच्या कळफलकाची होती. तो पहिले अक्षर आपोआप मोठे करतो आणि इथे लहान-मोठ्या रोमन अक्षरांत फरक मानला जातो. नावे लहान अक्षरांत आणि आटोपशीर ठेवली, ही सूचना त्या पानावर ठळक केली, तेव्हा माझ्याकडे येणारे फोन पुष्कळ कमी झाले.

बाहेर पडण्याचे बटणही नाही. ब्राउझर पूर्ण बंद होईपर्यंत तो नाव आणि पासवर्ड लक्षात ठेवतो आणि मागितले की देत राहतो. घरच्या मोबाइलवर याची चिंता नाही. छपाईच्या दुकानातल्या संगणकावर अहवाल उघडणाऱ्यांनी मात्र खासगी खिडकी वापरावी, हेही आम्ही त्याच पानावर लिहिले आहे.

प्रत्येक सदनिकेला वेगळे नाव द्यावे असे प्रथम वाटले होते, पण या पडद्यावर वापरकर्ते एकेक करूनच भरावे लागतात. ८४ नावे भरणे आणि घरे विकली गेली की त्यांत बदल करणे कमिटीला झेपणारे नव्हते. शेवटी विंगनिहाय तीन नावे ठेवली. सर्व्हरच्या नोंदवहीत कोणत्या नावाने कोणती फाइल उघडली गेली याची नोंद राहते आणि ‘रॉ अ‍ॅक्सेस’ विभागातून ती उतरवून घेता येते. त्यामुळे पासवर्ड बाहेर फुटल्याची शंका आली, तर निदान कोणत्या विंगचा बदलायचा हे समजते. आतल्या फोल्डरला स्वतंत्र कुलूप लावता येते, हा या सोयीचा मला सर्वांत उपयोगी पडलेला गुण आहे. सभासदांच्या फोल्डरच्या आत समितीचा फोल्डर आहे, त्याची पासवर्डची फाइल वेगळी आहे, आणि बाहेरची नावे तिथे चालत नाहीत. निविदा उघडण्यापूर्वीचे टिपण तिथे ठेवता येते आणि काम ठरले की बाहेरच्या फोल्डरमध्ये आणता येते.

कुलूप फोल्डरला असते, कागदाला नसते, याचे भान मात्र सतत ठेवावे लागते. त्याच अहवालाची दुसरी प्रत वर्डप्रेसच्या माध्यम-संग्रहात चढवली, किंवा संपूर्ण संकेतस्थळाची झिप करून ती ‘पब्लिक एचटीएमएल’मध्ये विसरली, तर ती प्रत उघडीच आहे. वर्डप्रेसमध्ये एखाद्या पानाला पासवर्ड लावण्याची स्वतःची सोय आहे आणि ती दिसायला अधिक चांगली आहे, पण तिने पानावरचा मजकूर झाकला जातो. त्या पानावर जोडलेल्या पीडीएफचा थेट पत्ता ज्याच्याकडे आहे, त्याला ती फाइल पासवर्डशिवाय मिळते. आमच्या गरजेला ती म्हणूनच पुरली नाही.

चुकीचे पासवर्ड किती वेळा टाकले गेले, याची मोजदाद ही पद्धत स्वतः करत नाही. यंत्राने दिवसभर अंदाज लावत बसले तरी चौकट तेवढ्याच शांतपणे पुन्हा विचारत राहते. तेव्हा पासवर्ड लांब असणे अनिवार्य आहे. संस्थेचे नाव आणि पुढे पिनकोड, असला पासवर्ड कोणीही ओळखेल. आम्ही एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन लिपीत जोडून लिहितो. ते आजींनाही लक्षात राहतात आणि लांबीही पुरेशी होते. तरीही विंगमधल्या अठ्ठावीस घरांत एकच किल्ली वाटलेली असते, हे विसरता कामा नये. सभासदांच्या आधार कार्डांच्या प्रती, खरेदीखते, भाडेकरूंची पोलीस पडताळणीची कागदपत्रे यांतले काहीही मी या फोल्डरमध्ये ठेवू दिलेले नाही. कमिटीतून तशी सूचना दोनदा आली आणि दोन्ही वेळा मी लेखी विरोध नोंदवला. थकबाकीदारांची यादीही आता तिथे नाही. ती सचिवांच्या कार्यालयात पाहायला मिळते आणि ज्याची त्याची बाकी ज्याच्या त्याच्या बिलावर असते.

ज्या सभासदांपासून हे सुरू झाले, त्यांच्या यादीचा पत्ता गूगलच्या ‘सर्च कन्सोल’मधील काढून टाकण्याच्या साधनात मी त्याच रात्री नोंदवला होता. ते साधन पत्ता साधारण सहा महिने शोधातून लपवते, आणि त्या अवधीत मूळ जागेवर फाइल राहिली नाही किंवा कुलूप लागले, तर तो कायमचा निघून जातो. फोल्डरला कुलूप लावूनही जुने निकाल दिसत राहिले म्हणून घाबरणाऱ्यांनी हे साधन आधी वापरावे.

पासवर्डची फाइल सर्व्हर प्रत्येक मागणीला नव्याने वाचतो, त्यामुळे वापरकर्ता काढला किंवा पासवर्ड बदलला की बदल तत्काळ लागू होतो, उघड्या असलेल्या ब्राउझरलाही. आम्ही दरवर्षी वार्षिक सभेच्या दुसऱ्या दिवशी तिन्ही विंगचे पासवर्ड बदलतो आणि नवी समिती आली असेल तर समितीच्या फोल्डरचाही बदलतो. नवा पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकत नाही. तो देखभाल शुल्काच्या बिलाबरोबर छापील चिठ्ठीने घरोघरी जातो, आणि चिठ्ठी हरवली तर सचिवांकडे संध्याकाळी ७ ते ८ या वेळेत नवी मिळते.